वादळानंतरची सकाळ आणि वरच्या खाचरातली वासाबी

जपानात शिझुओका प्रांतातल्या इझूला वासाबीच्या शेतावर कामाला आहे मी. गावाकडं कुणी विचारलं की तिथं नक्की करतोस काय, तर मी सांगतो, पाणी सांभाळतो. सुशीसोबत जी हिरवी पेस्ट येते ती बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी आणि हिरवा रंग एवढंच असतं, खरी वासाबी वेगळी. ती मोहरीच्याच कुळातली, झऱ्याच्या थंड वाहत्या पाण्यात वाढते आणि आमच्याकडं लावणीपासून काढणीपर्यंत दीड ते दोन वर्षं घेते. त्यातली एक सकाळ सांगायचीय, वादळाच्या दुसऱ्या दिवशीची.

आमचं शेत अमागीच्या डोंगरउतारावर आहे, एकाखाली एक दगडी खाचरं. तळाला मोठाले दगड, त्यावर लहान दगड, मग खडी आणि सगळ्यात वर वाळू. पाणी पातळ थरानं वरून वाहतं आणि शिवाय वाळूतून खाली झिरपून, दगडांतून गाळून पुढच्या खाचरात पडतं, मुळांना हवा मिळते ती अशी. आणखी एक गोष्ट म्हणजे वासाबीच्या मुळांतून एक तिखट द्रव्य सुटतं, ते तिथंच साठलं तर तिचीच वाढ खुंटते, वाहतं पाणी ते धुऊन नेतं, म्हणूनच पाण्यातली वासाबी जाड होते आणि साध्या जमिनीतली बारीक राहते. २०१८ साली एफएओनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं, शिझुओकाच्या या शेतीला जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली ती मला तरी एकदम योग्य वाटते, कारण हे दगड मेइजी काळापासून (१८६८ ते १९१२) लोकांनी हातानं रचलेत.

वरच्या खाचरात आम्ही माझुमा लावली होती. ही वासाबीची जात मूळची वाकायामा प्रांताची, सावकाश वाढते पण चवीला आणि भावाला वरचढ. बियाण्यातून गुण टिकत नाहीत म्हणून टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आणतात. पाण्यात वाकून उभं राहायचं, वाळूत बोटांनी भोक करायचं, रोप जरा तिरकं खोचायचं आणि कोंब उघडा ठेवायचा. भातलावणी केलेल्या माणसाला हे लगेच जमतं. खत जवळपास नाहीच. पहिला उन्हाळा, हिवाळा, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये चार पाकळ्यांची बारीक पांढरी फुलं, सगळं छान चाललं होतं.

मग सप्टेंबरात वादळ आलं. रात्रभर पाऊस कोसळत होता. मालकांचे वडील, आम्ही सगळे त्यांना ओजीइसान म्हणजे आजोबा म्हणतो, ऐंशी ओलांडलेत, ते रात्रभर बसूनच होते. त्यांनी १९५८चं कानोगावा वादळ पोरवयात बघितलंय आणि २०१९च्या ऑक्टोबरातलं, त्या वर्षीचं १९ नंबरचं वादळही, त्यात इझूतली कितीतरी वासाबीची शेतं गेली होती. सकाळी उजाडल्या उजाडल्या आम्ही निघालो तर माल वाहायच्या मोनोरेलच्या रुळावर सुगी म्हणजे जपानी देवदाराच्या फांद्यांचा खच, म्हणून चालतच वर गेलो.

खाचरं शाबूत होती, भिंत कुठंच ढासळली नव्हती, मला हायसं वाटलं. पण ओजीइसान थांबलेच नाहीत, थेट वरच्या खाचरात उतरले, हात पाण्यात घातला आणि म्हणाले, "कोमट आहे." मी थर्मामीटर टाकला. झऱ्याचं पाणी बारा महिने १३ अंशांच्या आसपास असतं आणि इथं २१ निघालं. पाणी दिसत होतं पण वाहत नव्हतं, कारण वर पाणी आत घ्यायच्या तोंडावर फांद्या, पालापाचोळा आणि माती यांचा बुच बसलेला आणि रात्री आलेला गाळ वाळूवर बसून सगळी भोकं बुजलेली. त्यात वादळ गेलं की इकडं आभाळ लख्ख होतं, सावलीची काळी जाळी फाटून लोंबत होती आणि ऊन सरळ पानांवर. नऊ वाजेपर्यंत देठ माना टाकायला लागले.

तोंड मोकळं करणं हे तसं सोपं काम, तिघांनी हातानं फांद्या उपसल्या. अवघड होता गाळ. तो ढवळून पाण्यासोबत सोडून दिला तर खालच्या प्रत्येक खाचरात जाऊन बसणार, म्हणजे एक वाचवायला बाकीची घालवायची. तिथं मला भोरकडचं दारं धरणं उपयोगी पडलं. मी मालकांना म्हटलं बाजूनं पाट काढू, गढूळ पाणी तिकडून ओढ्याला देऊ आणि नितळ आलं की परत दारं फिरवू. वाळूच्या पिशव्या आणि गवताची ढेपं लावून पाट काढला, मग सगळे गुडघे टेकून ओळीत बसलो आणि रोपांच्या मधली वाळू बोटांनी हलवत हलवत खाली सरकलो, मूळ दुखवायचं नाही, फक्त गाळ उठवायचा. दुपारी तीनच्या सुमाराला पाणी नितळ झालं आणि थर्मामीटर १४वर आला. पाण्याच्या तोंडाजवळचा एक कोपरा मात्र ओजीइसाननी सोडायला सांगितला, तिथं गाळ फार खोल गेला होता. मला सोडवत नव्हतं, पण त्यांचं बरोबर होतं, पुढच्या आठवड्यात तिथली रोपं मऊकुजीनं गेली, त्या वासानंच कळलं.

काढणी वसंतात झाली. झाड गड्ड्यासकट उपटायचं, फुटवे सोडवायचे, तंतुमुळं काढायची, मग मधलं खोड हातात येतं. त्याच्यावर गळालेल्या पानांच्या खुणा असतात, वाढ चांगली असेल तर लांब लांब आणि वाढ अडली तिथं दाट. मालकांनी एक खोड धुऊन मला दाखवलं, मधोमध चिमटल्यासारखा बारीक पट्टा आणि खुणा एकमेकींना चिकटलेल्या. ते म्हणाले, हा तो सप्टेंबर. पट्ट्याच्या वर खोड परत जाड होत गेलं होतं. मी बराच वेळ ते बघत उभा होतो.

तिथंच शार्कच्या कातड्याच्या किसणीवर गोल गोल फिरवून किसलं. आईनं लोणच्याला मोहरी फेसायला घेतली की जो झणका नाकात जातो ना, अगदी तोच, पण मागून गोडसर. रसायनही तेच, पेशी फुटल्या की एन्झाइम त्यातल्या सिनिग्रिन नावाच्या द्रव्यावर काम करतं आणि तिखटपणा तयार होतो, पंधरा-वीस मिनिटांत उडायलाही लागतो, म्हणून खायच्या वेळीच किसतात.

पट्टा पडलेली खोडं पहिल्या प्रतीत गेली नाहीत, बरीचशी साके म्हणजे तांदळाच्या दारूच्या चोथ्यात मुरवायच्या वासाबीझुके या लोणच्याला गेली. चांगली उरली ती पेटीत. मग खाचर रिकामं करून सगळी वाळू उलटीपालटी करून धुतली, बाजूचा पाट दगडात पक्का बांधला, तोंडाला दुसरी जाळी बसवली, आणि त्या सोडलेल्या कोपऱ्यात तळापर्यंतचे दगड काढून नव्यानं रचले, ते रचायला ओजीइसाननी मला हाताखाली घेतलं.