फुलफॉर्म राहू द्या, देणारा कोण ते बघा

“दादा, एवढी अक्षरं तुमच्या लक्षात राहतात तरी कशी?” आमच्या सेवा केंद्रात फॉर्म भरायला आलेलं माणूस कधी ना कधी हे विचारतंच. ओटीपी, केवायसी, डीबीटी, आयएफएससी, आणि पोरांच्या फॉर्मला वर जेपीजी नि केबी. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. निम्म्यांचे फुलफॉर्म मला येत नाहीत, आणि त्यावाचून माझं काही अडत नाही.

फुलफॉर्मचा नाद आपल्याला भरती परीक्षांनी लावला. पोलीस असो की तलाठी, पोरं याद्या घोकतात. रॅम म्हणजे रँडम ॲक्सेस मेमरी, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. पण 8 जीबी आणि 128 जीबी असं खोक्यावर लिहिलेला मोबाइल हातात देऊन “यातल्या कशात फोटो राहतात?” विचारलं, की एकमेकांकडे बघतात. (128 मध्ये. 8 जीबी हे फक्त त्या घडीला चालू असलेल्या कामापुरतं.) वाय-फायला तर मुळात फुलफॉर्मच नाही. 1999 मध्ये नावं पाडून देणाऱ्या एका कंपनीकडून ते नाव बनवून घेतलं होतं. ‘वायरलेस फिडेलिटी’ हे शेपूट मागाहून चिकटलं आणि गाइडांतून अजून फिरतंय.

मी दुसरंच बघतो: ही गोष्ट कोण देतं, कोणाला देतं आणि कशासाठी. आयएफएससी घ्या. 11 अक्षरांचा तो तुमच्या शाखेचा पत्ता. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, उरलेली सहा शाखेची. (पाचव्या जागी ‘ओ’ टाइप केलात तर फॉर्म पुढे सरकणार नाही, तो ओ नाही, शून्यच आहे.) हा कोड चेकबुकावर छापलेला असतो, कोणालाही द्या. यूपीआय पिन मात्र तुमच्या खात्यातून पैसे बाहेर जाताना लागतो, आत येताना कधीच नाही. “तुम्हाला पैसे पाठवलेत, फक्त पिन टाका” असं कोणी म्हणालं, की समजायचं पैसे तुमचेच जाणार आहेत. गंमत अशी, की माणसं आयएफएससी सांगताना आवाज बारीक करतात आणि ओटीपी भर एसटीत मोठ्याने वाचून दाखवतात.

ओटीपीबद्दल तुम्ही मला पेचात पकडू शकता. “कोणालाच सांगू नका म्हणता, मग तुम्हीच कसा मागता?” बरोबर आहे. आधारचं काम असलं की आकडा आमच्या पडद्यावर टाकावाच लागतो. म्हणून मी मोबाइल हातात घेत नाही. आधी मेसेज वाचा म्हणतो. कुठून आलाय, कशासाठी आलाय ते बघा. बँकेच्या मेसेजात बहुधा रक्कमही असते. काम आधारचं आणि मेसेज बँकेचा, तर तिथेच थांबायचं. जुळत असेल तर कीबोर्ड पुढे करतो, आकडे तुम्ही दाबा. याने रांग लांबते, मागचे कुरकुरतात. कुरकुरू देत.

एक ठिकाण असं आहे, जिथे नेमका शब्दच लागतो, आणि तिथे आम्ही केंद्रवाले फारच ढिसाळ बोलतो. मावशी येतात, अनुदान जमा नाही. “आधार लिंक आहे का?” “आहे की, बँकेत झेरॉक्स दिली, अंगठाही दिला.” दोघंही ‘लिंक’च म्हणतात, पण बोलणं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल चाललेलं असतं. खात्याला आधार नंबर जोडलेला असणं ही झाली बँकेची आपल्या गिऱ्हाइकाची ओळख, म्हणजे केवायसी. सरकारी पैसा आधारच्या आधारे थेट खात्यात पाठवायचा, म्हणजे डीबीटी, तर तो कोणत्या बँकेकडे न्यायचा, याची नोंद नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे एनपीसीआयकडे असते. ही नोंद करण्याला सीडिंग म्हणतात. तिथे एका आधारामागे एकच बँक उभी राहते: जिची नोंद शेवटची, ती. मावशींनी मधल्या काळात कोणाच्या तरी सांगण्यावरून दुसरीकडे झिरो बॅलन्सचं खातं उघडलेलं असतं, फॉर्मवर संमतीची खूण झालेली असते, आणि पैसे बिचारे तिकडे जाऊन बसलेले असतात. पासबुक भरून घेतात ते मात्र जुन्या बँकेचं.

यावर फेऱ्या मारू नका. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, तिथे बँकेचं नाव दिसतं. ती बँक नको असेल, तर हव्या त्या बँकेत जाऊन “डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचंय” असं म्हणा. नुसतं “लिंक करा” म्हणालात, तर खिडकीमागचा माणूस संगणकात बघून “झालेलं आहे” म्हणेल, आणि त्याच्या परीने ते खरंच असेल.

केबीचं फार मनावर घेऊ नका. फोनने काढलेला फोटो दोन-चार एमबीचा, म्हणजे काही हजार केबीचा असतो आणि फॉर्मला हवा असतो 50 केबीच्या आत. फोटो लहान करून जेपीजीत सेव्ह करायचा, एवढंच. फाइलच्या नावाचं शेपूट हाताने बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही, हे कॉलेजच्या पोरांनाही सांगावं लागतं. इंटरनेटच्या जाहिरातीत 100 एमबीपीएस दिसलं तर आठाने भागा. ते बिट आहेत, फाइल बाइटमध्ये मोजतात. सेकंदाला फार तर साडेबारा एमबी उतरेल.

आणि एपीके. हल्ली सगळ्यात जास्त मी याबद्दलच बोलतो. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये बसवायचं ॲप, फोटो नव्हे की कागद नव्हे. लग्नपत्रिका आली, आरटीओचं चलन आलं, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल, तर पाठवणारा सख्खा मामा असला तरी उघडायचं नाही. बहुतेकदा मामाचाच फोन आधी कोणाच्या तरी ताब्यात गेलेला असतो. असं ॲप आत शिरून परवानग्या मिळवून बसलं, की तुमचे मेसेज त्याला दिसू लागतात, आणि मग ओटीपी कोणाला न सांगताही जातो.

बसवून झालंच असेल, तर आधी मोबाइल विमान मोडवर टाका. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा आणि पैसे गेले असतील तर 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. त्यानंतर या माझ्याकडे, तक्रार भरून देतो. केंद्र रविवारी बंद असतं, 1930 नसतो.