ट्रम्प खटल्यातले बारा जण निवडले कसे?

१५ एप्रिल २०२४ ला मॅनहॅटनच्या फौजदारी कोर्टात ज्यूरीसाठी, म्हणजे आरोपी दोषी की नाही हे ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांच्या निवडीसाठी, ९६ लोकांची पहिली तुकडी आणून बसवली. न्यायाधीश हुआन मर्शान यांनी खटला कशाचा आहे (२०१६ च्या निवडणुकीआधी एका अभिनेत्रीला गप्प राहण्यासाठी दिलेले पैसे लपवायला व्यवसायाच्या नोंदी खोट्या केल्याचा डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर आरोप होता) ते थोडक्यात सांगितलं आणि विचारलं, या प्रकरणात आपल्याला निष्पक्ष राहता येणार नाही असं कुणाला वाटतं? पन्नासहून जास्त हात वर गेले. 'का' म्हणून कुणालाही विचारलं नाही, सगळ्यांना तिथूनच परत पाठवलं.

हा आकडा ऐकून 'बघा, ट्रम्पना निष्पक्ष ज्यूरी मिळणं शक्यच नाही' असं पुष्कळांनी म्हटलं. मला तो आकडा चांगला वाटला. 'मला जमणार नाही' असं तोंडाने सांगणारा माणूस कोर्टाला काहीच त्रास देत नाही. त्रास देतो तो खाली हात ठेवून बसलेला. त्यातही ज्याला ज्यूरीत बसायची घाई आहे, तो सगळ्यात जास्त. त्या आठवड्यात चार दिवस चाललेली सगळी खटपट त्याला शोधण्यासाठी होती.

आधी एक गैरसमज दूर करू. निष्पक्ष म्हणजे आरोपीबद्दल काहीच माहीत नसलेला, असा कायद्याचा अर्थ अमेरिकेत कधीच नव्हता. १८०७ मध्ये माजी उपाध्यक्ष आरन बर यांच्यावर देशद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी फरक करून ठेवला: वरवरचं मत चालेल, मन बंद करून टाकणारं पक्कं मत चालणार नाही. १९६१ च्या अर्विन विरुद्ध डाउड खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच पुन्हा सांगितलं, आणि त्याच निकालात शिक्षाही रद्द केली. कारण तिथे बोलावलेल्या ४३० पैकी २६८ जणांना 'मत आधीच पक्कं झालंय' म्हणून सोडावं लागलं होतं. जे बारा जण बसले, त्यांतल्याही आठांना आरोपी दोषी आहे असं आधीपासून वाटत होतं. आम्ही निष्पक्ष राहू असं त्या आठांनी सांगितलं होतं. कोर्टाने त्यावर विश्वास ठेवला नाही.

मॅनहॅटनची अडचण उघड होती. २०२० मध्ये इथल्या ८५ टक्क्यांहून जास्त मतदारांनी बायडेन यांना मत दिलं होतं, ट्रम्प यांना १२ टक्क्यांच्या आसपास. खटला दुसरीकडे हलवा, अशी बचाव पक्षाची मागणी होती. न्यूयॉर्कमध्ये असा अर्ज खालच्या कोर्टात नाही, वरच्या अपील विभागात करावा लागतो. त्या कोर्टाने अर्जासाठी खटला थांबवायला नकार दिला, म्हणून तो मॅनहॅटनमध्येच चालला. लोक बोलावले जातात ते मतदार यादी, वाहन परवाने, राज्याचा प्राप्तिकर, बेकारी भत्ता आणि सरकारी मदत घेणाऱ्यांची यादी, या सगळ्यांतून एकत्र. त्यामुळे मतदान न करणारा माणूसही समन्समधून सुटत नाही.

आता प्रश्नावली. ४२ प्रश्न. कुठली वर्तमानपत्रं, चॅनेल, पॉडकास्ट? ट्रम्प यांच्या सभेला कधी गेलात? त्यांच्या किंवा त्यांच्या विरोधकांच्या प्रचारात काम केलंत? क्यूअनॉन, प्राउड बॉइज, ओथ कीपर्स किंवा अँटिफा अशा कडव्या राजकीय गटांशी किंवा चळवळींशी संबंध? समाज माध्यमांवर त्यांना फॉलो करता? मायकल कोहेन (ट्रम्प यांचे जुने वकील, इथे सरकारी पक्षाचे मुख्य साक्षीदार) यांचं पुस्तक वाचलंय? माजी राष्ट्राध्यक्षावर राज्याच्या कोर्टात खटला चालावा का, याबद्दल काही ठाम मत?

प्रश्नावलीत काय नाही ते बघण्यासारखं आहे. मत कुणाला दिलं, पक्ष कुठला, देणगी कुणाला दिली, हे विचारलेलं नाही. मर्शान यांनी ते प्रश्न जाणूनबुजून टाळले. जे समजायचं ते बाकीच्या उत्तरांतून समजेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. 'डेमोक्रॅट' या उत्तरातून फक्त शिक्का कळतो. दिवसभर कुठलं चॅनेल चालू असतं, कुणाचा पॉडकास्ट ऐकत गाडी चालवता, यातून त्या माणसाच्या कानावर रोज काय पडतं ते कळतं. आणि मत विचारलंत की प्रत्येकजण सावध होऊन उत्तर देतो.

उरलेल्यांतून चिठ्ठीने अठरा जण खोक्यात बसवले. न्यूयॉर्कच्या कोर्टात ज्यूरीच्या कठड्याला सगळे 'बॉक्स' म्हणतात. प्रत्येकाने प्रश्नाचा क्रमांक वाचून मोठ्याने उत्तर द्यायचं: एक, दोन, तीन अ, तीन ब... कंटाळवाणा प्रकार, पण वकिलांचं लक्ष उत्तरापेक्षा उत्तर देण्याच्या पद्धतीवर असतं. कुठल्या प्रश्नाला माणूस थबकला, कुठे लांबण लावली, आरोपीकडे बघितलं की मुद्दाम बघायचं टाळलं. काहीजण तर तिसाव्या प्रश्नापर्यंत ठीक असतात आणि पस्तिसाव्याला येऊन स्वतःच म्हणतात, 'खरं सांगू का, मला नाही जमणार.'

त्यानंतर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा तास. अठरा माणसं आणि तीस मिनिटं, म्हणजे माणशी दोन मिनिटंही नाहीत. इथे नवखा वकील हमखास चुकतो. तो विचारतो, 'तुम्ही निष्पक्ष राहाल ना?' मुलगी बघायला गेल्यावर 'मुलाला काही व्यसन?' असं मुलालाच विचारण्यातला हा प्रकार आहे. उत्तर ठरलेलं. अनुभवी वकील उघडा प्रश्न टाकतो आणि गप्प बसतो. बचाव पक्षाचे टॉड ब्लँच यांनी सरळ विचारलं, ट्रम्प यांच्याबद्दल तुमचं मत काय? 'ते इथे महत्त्वाचं नाही' असं एकाने सांगितलं की ते पुन्हा तेच विचारत. सरकारी वकील जोशुआ स्टाइनग्लास यांची काळजी निराळी होती: आपल्या साक्षीदारांचे भूतकाळ स्वच्छ नाहीत. म्हणून ते विचारत राहिले, साक्षीदार आधी खोटं बोललेला असेल तर बाकीचा पुरावा बघायच्या आधीच त्याला बाद कराल का? यात राजकारणाचा शब्द नाही, तरी निकालाच्या दृष्टीने हाच प्रश्न जास्त कामाचा होता.

मग फेसबुक. यादी हातात आली की दोन्हीकडचे मदतनीस प्रत्येक नाव शोधायला बसतात. बचाव पक्षाने जुन्या पोस्ट छापून आणल्या. एकाने २०१७ मध्ये ट्रम्प यांना तुरुंगात टाका अशा अर्थाचं लिहिलं होतं. मर्शान यांनी त्याला बाजूला बोलावून विचारलं आणि काढून टाकलं. एकीच्या नवऱ्याने ट्रम्प यांची थट्टा करणारी चित्रं टाकली होती. तिच्यावरचा सकारण आक्षेप मात्र फेटाळला गेला. दोन्ही निर्णय योग्य होते असं मी म्हणेन. थट्टा आणि शिक्षेची मागणी यांत अंतर आहे, आणि नवऱ्याच्या पोस्टची जबाबदारी बायकोवर टाकायला लागलो तर खोक्यात कोणी उरायचं नाही.

आक्षेप दोन प्रकारचे. सकारण आक्षेपांना संख्येची मर्यादा नाही, पण न्यायाधीशाला पटवावं लागतं. आरोपीशी, साक्षीदाराशी किंवा वकिलाशी ठरावीक पिढ्यांपर्यंतचं नातं, किंवा निष्पक्ष निकाल अशक्य करणारी मनोवृत्ती, ही त्याची मुख्य कारणं. न्यूयॉर्कचा कायदा यात एका ठिकाणी चांगला कडक आहे. ज्यूररने एकदा पूर्वग्रह दाखवला, तर तो बाजूला ठेवीन अशी निःसंदिग्ध ग्वाही त्याने द्यावी लागते. 'प्रयत्न करेन', 'बहुतेक जमेल', 'वाटतं तरी तसं' यांपैकी काहीही चालत नाही. न्यायाधीशाने तेवढ्यावर ठेवून घेतलं आणि शिक्षा झाली, तर अपिलात निकाल उलटू शकतो. मात्र त्यासाठी बचाव पक्षाने आपले सगळे अकारण आक्षेप वापरून संपवलेले असावे लागतात. एकजरी शिल्लक ठेवला तरी तो मुद्दा हातचा गेला. त्यामुळे नको असलेला ज्यूरर सकारण आक्षेपात निघाला नाही, की त्याच्यावर अकारण आक्षेप खर्च करायचा आणि शेवटी सगळे संपवायचे, हे न्यूयॉर्कच्या बचाव वकिलांचं साधं गणित आहे.

अकारण आक्षेपाला कारण द्यावं लागत नाही, पण तो मोजून मिळतो. या खटल्यातले आरोप सर्वात खालच्या दर्जाच्या फेलनीचे (गंभीर गुन्ह्याचे) असल्याने प्रत्येक बाजूला दहा, शिवाय कुणी गळालं तर बदली म्हणून बसवलेल्या प्रत्येक राखीव ज्यूररमागे दोन. पहिल्या फेरीतच दोघांनीही दहापैकी सहा वापरले. पुढच्या चिठ्ठीत कोण निघेल ते ठाऊक नसताना हातातले आक्षेप उडवायचे असतात, त्यामुळे हे अवघड जातं. बॅटसन विरुद्ध केंटकी या १९८६ च्या निकालापासून वंशावरून असा आक्षेप घेता येत नाही आणि १९९४ पासून लिंगावरूनही नाही. राजकीय मतावरून घेता येतो, आणि राजकीय खटल्यात तो घेतला जातोच. ॲरिझोना राज्याने २०२२ पासून अकारण आक्षेप बंदच केले. इंग्लंडने ते १९८८ मध्येच काढून टाकले होते.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत सात जण पक्के झाले. गुरुवारी त्यातले दोन गेले. एका व्यक्तीच्या ओळखीच्यांनी बातम्यांतल्या तपशिलांवरून तिला ओळखलं आणि फोन सुरू झाले. आता आपल्यावर बाहेरचं दडपण येईल, असं तिने स्वतः कोर्टाला सांगितलं. दुसऱ्याच्या प्रश्नावलीतल्या उत्तराबद्दल सरकारी पक्षाला शंका आली. नावं गुप्तच होती. पण नाव दाबून वस्ती, नोकरी, शिक्षण, शौक सगळं छापलं, तर शेजाऱ्याला ओळखायला वेळ लागत नाही. त्यानंतर मर्शान यांनी नोकरीच्या ठिकाणाबद्दलची तीन अ आणि तीन ब ही उत्तरं बातम्यांतून वगळायला लावली. हे पहिल्या दिवशीच व्हायला हवं होतं. तरी गुरुवार संपेपर्यंत बारा जण आणि एक राखीव ठरला, शुक्रवारी आणखी पाच राखीव. सात पुरुष, पाच स्त्रिया, त्यांत दोन वकील. २२ एप्रिलला कामकाज सुरू झालं आणि ३० मे ला ३४ च्या ३४ आरोपांवर दोषी असा निकाल आला.

निवड झाली की काम संपलं, असंही नसतं. मिनिआपोलिसमध्ये २०२१ साली जॉर्ज फ्लॉइड यांच्या खुनाच्या आरोपावरून डेरेक शॉविन या पोलिसावर चाललेल्या खटल्यात ज्यूरी निवड चालू असतानाच शहराने फ्लॉइड यांच्या कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं. न्यायाधीश पीटर केहिल यांनी आधी निवडलेल्या सात जणांना पुन्हा बोलावून विचारलं. दोघांनी कबूल केलं की या बातमीने आपल्यावर परिणाम झाला. दोघेही गेले. केहिल यांनी अकारण आक्षेपही वाढवून दिले, बचावाला तीन, सरकारला एक. तिथे चौकशी एकेकाला बोलावून होत होती, म्हणून दोन आठवडे लागले. एकाचं उत्तर ऐकून दुसरा आपलं उत्तर बेतत नाही, हा त्याचा फायदा. राजकीय खटल्यात वेळ गेला तरी हीच पद्धत बरी, असं माझं मत आहे.

एकमताचा नियम विसरून चालत नाही. बारापैकी एकजण अडून बसला तरी दोषी ठरवता येत नाही. म्हणून हवा असलेला निकाल लावायला आत शिरणाऱ्याची धास्ती सरकारी पक्षाला अधिक असते. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात लोकमान्यांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ जणांची ज्यूरी होती, सात युरोपियन आणि दोन पारशी. सरकारने विशेष ज्यूरी मागितली. जोसेफ बॅप्टिस्टांनी विरोध केला, कारण त्या यादीत युरोपियनांचाच भरणा होता आणि खटला तर केसरीतल्या मराठी लेखांवर. न्यायमूर्ती दावर यांनी विशेष ज्यूरीच दिली. निकाल लागला सात विरुद्ध दोन, आणि सहा वर्षांची शिक्षा. एकमताचा नियम असता तर त्याच ज्यूरीला टिळकांना दोषी ठरवता आलं नसतं. आक्षेप कितीही मिळाले तरी यादीच एकीकडे झुकलेली असेल तर काही हाती लागत नाही.

न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी दोन कामाच्या गोष्टी. ज्यूरीचं समन्स ग्रीन कार्डवाल्यांनाही येतं, कारण वाहन परवान्याची यादी नागरिकत्व बघत नाही. फॉर्मवर 'नागरिक नाही' असं लिहून परत पाठवायचं, गप्प बसायचं नाही. नागरिक असाल आणि खटला गाजलेला निघाला, तर जुन्या पोस्ट पुसत बसू नका. त्या आधीच कुणीतरी छापून घेतलेल्या असू शकतात, आणि पुसलेली पोस्ट असलेल्या पोस्टपेक्षा जास्त संशय निर्माण करते. चारचौघांत सांगायला संकोच वाटेल असं उत्तर असेल तर न्यायाधीशांना एकट्याने बोलू द्या अशी विनंती करता येते. ती बहुधा मान्य होते.