एक टाळ वाजत राहतो

घरी माझी पूजा कशी चालते ते आधी सांगते. हात देवावर पाणी घालतात, कान कुकरच्या शिट्टीकडे असतात आणि डोकं ऑफिसच्या जीएसटी रिटर्नमध्ये. ‘घालीन लोटांगण’ म्हणताना लक्षात येतं की आधीची आरती म्हटल्याचं आठवतच नाही. कित्येक वर्षं देवाला मी उरलंसुरलं लक्ष देत आले. ही टोचणी असह्य झाली, तेव्हा गेल्या वर्षी चार दिवस रजा काढून माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून वाल्ह्यापर्यंत चालले.

वाटलं होतं, वारीत मन आपोआप लागेल. तसं झालं नाही. दिवे घाट चढताना पुढे-मागे नुसत्या पताका आणि टाळांचा गजर, तरी मी तीनदा फोन काढून पाहिला. सासवडच्या मुक्कामात सोपानकाकांच्या समाधीसमोर उभी राहिले आणि आठवलं काय, तर एक न पाठवलेला ईमेल. रात्री तंबूत रडू आलं.

सासवड ते जेजुरीच्या वाटेवर आमच्या दिंडीतल्या परभणीकडच्या एका मावशींनी डोक्यावरची तुळस माझ्याकडे दिली. आधी तुळशीला, मग माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरकले, तर म्हणाल्या, “माउली, इथं समदे एकमेकांच्या पाया पडत्यात.” चुंबळ नीट बसवून दिली आणि म्हणाल्या, “मान सरळ धर. खाली बघू नको.” पितळी वृंदावन, ओली माती, वर तुळस, चांगलंच वजन होतं. फोन काढणं सोडाच, घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता. एक हात वर, एक पदराला. अर्ध्या तासाने खांदे भरून आले. पण तेवढा वेळ मी फक्त तिथे होते. पाऊल, टाळ, पाऊल, टाळ.

संध्याकाळी चालता चालता हरिपाठ सुरू झाला. मावशींच्या कमरेच्या पिशवीतला साधा फोन वाजला. मुलगा होता, पेरणीचं विचारत होता. त्या इतकंच म्हणाल्या, “हरिपाठ चालू हाय. मागून बोलते.” फोन पिशवीत, पुढचं चरण तोंडात. शेत, गुरं, कर्ज, सगळं त्यांच्याही मागे होतंच. माझ्यापेक्षा मोकळा वेळ त्यांना होता असं मुळीच नाही.

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला, सगळे पिवळेधमक झाले. पण मला खरं काही मिळालं ते वाल्ह्याला, समाजआरतीच्या वेळी. पालखी मध्ये, भोवती सगळ्या दिंड्या, हजारो टाळ एकदम वाजताहेत. सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे दंड, उंच केला, ‘होऽऽ’ अशी आरोळी दिली आणि टाळ थांबले. एका दिंडीचे तेवढे थांबले नाहीत. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसावं. शेजारच्या काकांनी सांगितलं, “त्यांची तक्रार आहे. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, ती टाळ वाजवत राहते. चोपदार जाऊन ऐकून घेतात, मगच आरती.” शिंदे सरकारच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला लावलेली शिस्त अशी आजही पाळली जाते.

चोपदार गेले, बोलणं झालं, टाळ थांबले. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या, उद्याची निघायची वेळ सांगितली. त्यानंतर एवढ्या माणसांत जी शांतता पसरली, तिच्यात मला माझा श्वास ऐकू येत होता. कोणी त्या दिंडीवर ओरडलं नव्हतं, कोणी टाळ हिसकावून घेतले नव्हते. मी मात्र इतकी वर्षं पूजेला बसले की मनावर नुसती डाफरत होते, गप्प बस म्हणून.

आता सकाळी गॅस बंद करते, फोन आतल्या खोलीत ठेवते आणि देवासमोर बसते. जमेल तेवढे हरिपाठाचे अभंग, कधी दोनच. काल दुसऱ्याच अभंगाला ऑडिटची फाईल आठवली. थांबले. “माउली, ती फाईल राहिलीये, आज साहेब विचारतील, मला भीती वाटतेय,” असं मोठ्याने सांगितलं. आणि ‘देवाचिये द्वारी’पासून पुन्हा सुरुवात केली.