तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चित्रातल्या बाईचं नि माझं काय होतं?

लग्नात भेटा नाहीतर बँकेत, चौकशी फिरून तिथंच येते. सतरा वर्षं हसण्यावारी नेली.

तुमच्या मनात आहे तसलं काही नव्हतं. पहिली दहा मिनिटं गेली की गळ्याच्या हाडाखालची सावली हिरवट की जांभळट, एवढंच उरतं. वीस मिनिटं पोझ, पाच मिनिटं विसावा. स्टुलाभोवती, पावलांभोवती खडूची रेघ, म्हणजे परत तसंच बसता येतं. मॉडेल म्हणजे उजेड पडायची जागा, असं मी विद्यार्थ्यांना सांगायचो. एकदा घड्याळ विसरलो, पाऊण तास गेला. ती उठायला गेली ती कोसळलीच. "पाय माझाच हाय का बघा जरा," म्हणाली. त्या आठवड्यातही वर्गात मी तेच वाक्य टाकलं.

काही जण चित्रकार हळदणकरांचा दाखला देतात. १९४५-४६ मधलं 'ग्लो ऑफ होप', दिवा धरलेली त्यांची मुलगी गीता. त्या गीताताई उपळेकर शंभरी ओलांडेपर्यंत आमच्या कोल्हापुरातच होत्या. तसं घरचं माणूस बसवायचं होतंत, म्हणतात. घरच्या माणसाला बैठकीचे पैसे द्यावे लागत नाहीत, हे कुणी बोलत नाही.

माझ्या चित्राखालच्या पाटीवर नुसतं 'बसलेली स्त्री'. नाव नको, पोराच्या शाळेत कळंल, असं तीच म्हणाली होती. मीही आग्रह केला नाही.

प्रदर्शनाला ती शनिवारी आली, इस्त्रीच्या साडीत. स्वतःकडे बराच वेळ बघत राहिली.

"ही लाल टिकली कशाची?"

"विकलं गेलंय."

"किती आलं?"

ऐंशी हजार आले होते. तिला बैठकीला ३०० मिळायचे. "पंचवीस," मी म्हणालो.

"बरं झालं की. लाईट बिल थकलं हुतं न्हवं तुमचं?"

तिचे दोन आठवड्यांचे पैसे थांबवताना ते रडगाणं मीच गायलो होतो.

आता म्हणाल, फ्रेम, हॉलचं भाडं, हॉलवाल्यांचा हिस्सा जाऊन तुमच्या हातात काय पडलं? चाळीसच्या वर पडले. दर मी ठरवलेला नव्हता, बाकीचेही तेवढेच देत. हे सगळं खरं आहे, आणि पंचवीस खोटं आहे.

सोमवारी ती वेळेवर आली, खडूच्या रेघेत पाय ठेवून बसली. मी रंग काढले.

हॉलच्या दाराशीच किमतींची यादी टांगलेली होती. ती सातवी शिकलेली.