पिशवीत खाऊ नव्हताच

जुलै-ऑगस्टात आंबोलीचा धबधबा भरात आला की आमच्या आरोग्य केंद्रात शनिवार-रविवारी माकडाचा एखादा पेशंट ठरलेलाच. बहुतेक वेळा पर्यटक, वेफर्सच्या पुड्याच्या ओढाताणीत ओरखडा घेऊन आलेला. श्रावणातल्या एका शनिवारी मात्र गावातल्याच एक आजी नातीला घेऊन आल्या. मुलगी आठवीतली. हाताला गुंडाळलेली ओढणी रक्ताने चिकटली होती.

ओढणी सोडवली. मनगटाच्या वर दोन खोल भोकं, आणि तिसरा दात ओढत गेल्याने कातडी फाटलेली. माकडाच्या नराचे सुळे लांब असतात. वरून भोक बारीक दिसतं, आत पार खोल गेलेलं असतं.

"पिशयेत खावचा काय एक नव्हता ओ, डॉक्टर," आजी पुन्हा पुन्हा सांगत होत्या. पिशवीत दोन वह्या आणि आजींच्या बीपीच्या गोळ्या. रस्त्याने चालताना नराने मागून पिशवी धरली, पोरीने घाबरून ती सोडली नाही, एवढंच.

आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुणं. सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि लोक नेमकं तेवढं सोडून हळद भरून येतात. रक्त आलेलं, म्हणजे नुसत्या लशीवर भागत नाही, रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, आणि तेही थेट जखमेत, कडेकडेने टोचत. मनगटाशी मांस ते किती! पोरगी आजीच्या पदरात तोंड खुपसून हुंदके देत होती. फाटलेल्या कातडीला टाके घाला, म्हणून आजींचा हट्ट. पण अशा चाव्याला आम्ही लगेच टाके घालत नाही. पुढे ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं, शाळेला दांडी आणि आजींचा रोज बुडणार.

बाहेर बाकावर एक गृहस्थ बोटाचा ओरखडा धरून बसले होते. "मारुतीचा वार, म्हणून केळी घातली. पण सरकारने या माकडांचा बंदोबस्त करायला हवा हो!"

माझं डोकं फिरलं. रानात माकड दिवसभर फळं, कोवळी पानं, किडे हुडकत हिंडतं. गाडीवाला एका मिनिटात त्याला गालाच्या पिशव्या भरून देतो. मग ते रान सोडून रस्त्यावर मुक्काम ठोकतं, आणि हातातली प्रत्येक पिशवी त्याला आपलीच वाटते. पुण्यवान मंडळी संध्याकाळी कोल्हापूर-बेळगाव गाठतात. पिशवी घेऊन त्याच रस्त्याने रोज चालायचं असतं ते गावातल्या पोरांना. याच जिल्ह्यात, दोडामार्गात २०१६ साली माकडताप पसरला, ज्याने माकडंही मरतात, तेव्हा मेलेलं माकड दिसलं तरी लोकांच्या पोटात गोळा यायचा. तो ताप गोचिडीमुळे होतो, केळी घालण्याशी त्याचा संबंध नाही. पण तेव्हाची ती भीती निदान माकडापासून लांब तरी ठेवायची.

हे सगळं मी त्यांना ऐकवलं, आवाज चढवूनच. आतून ड्रेसिंग करून मुलगी बाहेर आली, तिच्या हाताकडे बघून ते गप्प झाले. ओरखड्यालाही लस लागते म्हटल्यावर निमूट बाही वर केली.

जाताना दारात थबकले. "गाडीत अजून डझनभर केळी आहेत. त्यांचं काय करू?"

"तुम्हीच खा," मी म्हटलं. "काचा वर करून."