काय वाचून राहिले सध्या?

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला आमच्या वाचनालयात बैठक असते. फळ्यावर खडूनं एवढंच लिहिलेलं असतं : ‘काय वाचून राहिले सध्या?’ एकदा एका प्राध्यापकांनी ते पुसून ‘सध्या आपण काय वाचत आहात?’ असं केलं. त्या दिवशी चौघंच बोलले. पुढच्या महिन्यापासून फळा पुन्हा नागपुरी झाला.

बैठकीचे नियम थोडे आहेत, पण प्रत्येक नियमामागे एकेक फसलेली बैठक आहे. पुस्तक हातात असलंच पाहिजे. नाहीतर लोक तीस वर्षांपूर्वी वाचलेलं सांगत बसतात, तेही अर्धं सिनेमातलं. प्रत्येकाला चार मिनिटं. बाराजणांची अठ्ठेचाळीस मिनिटं होतात, उठण्याबसण्याची दहा धरा. बाराच्या वर गेलं की शेवटच्यांचं कोणी ऐकत नाही, म्हणून तेराव्यापासून नुसतं नाव आणि लेखक. कादंबरीचा शेवट सांगायचा नाही. पुस्तक अर्धवट वाचलेलं असलं तर उत्तम. मधोमध असलेला माणूस पुस्तकाबद्दल बोलतो, संपवलेला माणूस स्वतःबद्दल. आणि पाच-सहा ओळी मोठ्यानं वाचून दाखवायच्या. कोणत्या, ते घरूनच खूण करून आणायचं, तिथं पानं उलटत बसायचं नाही.

खायला फुटाणे आणि नंतर चहा. तर्री-पोहे बंद. पहिल्या वर्षी होते, आणि एका चरित्राच्या पान ८८ वर तर्रीचा थेंब पडला. तेल कागदात पसरत जातं. लगेच टाल्कम पावडर टाकून, वर टीपकागद आणि वजन ठेवून रात्रभर सोडलं तर बरंचसं तेल उचललं जातं, पण हळद-तिखटाचा रंग बसतो तो बसतोच. ते पान आजही केशरी आहे.

जे बोलतील त्यांची नोंद एका वहीत होते. तीत आधी चार रकाने होते : नाव, पुस्तक, लेखक, कितव्या पानावर आहात. वही महत्त्वाची, कारण सोमवारी वाचनालय उघडलं की मागणी येते ती या वहीवर. ‘परवा त्या चष्मेवाल्या मॅडमनी सांगितलं ते पुस्तक द्या.’ वहीत नाव असेल तर दोन मिनिटांचं काम, नसेल तर अर्धा दिवस. कव्हरच्या रंगावरून तर विचारूच नये. आमची जुनी पुस्तकं बांधणीला गेली की सगळीच लाल होऊन येतात.

ज्या बैठकीमुळे या वहीत पाचवा रकाना आला, ती ऑक्टोबरमधली, दसऱ्यानंतरची होती. नागपुरात दसऱ्यानंतरच्या बैठकीत निम्मं टेबल दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून आलेल्या पुस्तकांचं असतं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणासाठी जमणारे लोक जाताना पिशव्या भरून पुस्तकं नेतात, आणि शहरातले वाचक वर्षाची खरेदी तिथंच उरकतात. त्या दिवशी अकराजण होते. त्यात दोघांकडे डॉ. आंबेडकरांचा बुद्ध आणि धम्मावरचा ग्रंथ, एकाकडे मराठी, दुसऱ्याकडे भदंत आनंद कौसल्यायन यांनी केलेला हिंदी. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर निघाला. दोघांची पानं अर्थातच जुळेनात. पण मिनिटभरात दोघं एकाच जागी पोचले, कारण त्या ग्रंथाची रचनाच तशी आहे : खंड, त्यात भाग, भागात पोटविभाग आणि प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक. भाषा बदला, टाइप बदला, क्रमांक हलत नाही. ग्रामगीतेचंही तसंच, अध्याय आणि ओवी सांगितली की कोणतीही प्रत चालते. सगळी पुस्तकं अशी छापली असती तर आमचं निम्मं काम वाचलं असतं.

पाचव्या नंबरला अजनीचे एक काका उभे राहिले. रेल्वेतून निवृत्त झालेले, आठवड्याला दोन पुस्तकं नेणारे. हातात आमचीच लाल बांधणीची प्रत : विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे निघाले, बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असं कानावर आलं होतं म्हणून. निघाले ते नेमके १८५७ साली. यज्ञ राहिला बाजूला, आणि ते १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात अडकले. काका म्हणाले, “रोज झाशी राणी चौकातून जातो, पण त्या बाईच्या गावात राहून आलेला मराठी माणूस मले आत्ता भेटला.” वाचायलाही सोपं आहे, दोन दिवसांत दीडशे पानं झाली, असंही सांगून बसले.

आठव्या नंबरला इतिहासाच्या एम. ए.ला असलेली एक मुलगी. तिच्याकडेही ‘माझा प्रवास’, स्वतः विकत घेतलेला, नवा. ती म्हणाली, भाषा फार अवघड आहे, एकेक वाक्य अर्धं पान चालतं, रोज सहा पानांच्या पुढं जाता येत नाही. आणि तिनं खुणेचा उतारा वाचायला घेतला.

काकांनी आपलं पुस्तक उघडून बोट धरलं. दोन ओळींनंतर त्यांचं बोट थांबलं.

“काय वाचून राहिली बेटा? हे यात नाही.”

“काका, तुमचं पान वेगळं असेल.”

“पान बरोबर आहे. गाव तेच, दिवस तोच. वाक्य वेगळं आहे. आणि हे मधलं तर नाहीच.”

मग पंधरा मिनिटं चार मिनिटांचा नियम कोणी पाळला नाही. एकानं तिला संक्षिप्त प्रत घेतल्याबद्दल समजावलं, दुसऱ्यानं काकांना चष्म्याचा नंबर विचारला. मी दोन्ही पुस्तकं मागून घेतली.

अशा वेळी कव्हर बघायचं नाही. शीर्षकपान बघायचं, आणि ते उलटून त्याची मागची बाजू. तिथं आवृत्ती असते, वर्ष असतं, आणि पुनर्मुद्रण आहे की नवी आवृत्ती ते असतं. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला. नवी आवृत्ती म्हणजे मजकुराला हात लागलेला असू शकतो. त्यानंतर ‘संपादक’ हा शब्द शोधायचा. जुन्या मराठी पुस्तकांत सगळा घोळ या एका शब्दात असतो. मुलीच्या प्रतीत सगळं होतं : मूळ हस्तलिखितावरून, दत्तो वामन पोतदार यांच्या १९६६ च्या संपादनाला धरून.

आमच्या लाल प्रतीला शीर्षकपानच नव्हतं. मुखपृष्ठ गेलं, शीर्षकपान गेलं, प्रस्तावनेची पहिली चार पानं गेली. पुस्तक थेट मजकुरापासून सुरू. ही बांधणीतली नेहमीची चूक आहे. बाहेरचं पान सगळ्यात आधी फाटतं, बांधणारा फाटकं पान काढून टाकतो, कारण शिवणीत ते धरत नाही. वर तिन्ही बाजूंनी कापणी करतो, त्यात समासातल्या नोंदी जातात. आता आम्ही बांधणीला देताना चिठ्ठी लावतो : शीर्षकपान फाटकं असलं तरी नव्या कागदावर चिकटवून आत घ्या, मूळ कव्हर आतल्या बाजूला डकवा, पुढची कापणी शक्यतो नको, खळीत मोरचूद घाला. मोरचुदानं कीड लांब राहते. ही प्रत मात्र चिठ्ठीच्या आधीच्या काळातली.

पण वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकात एक गुप्त पान असतं. शिक्का आणि दाखल क्रमांक शीर्षकपानावर असतो तसा आतल्या एका ठरलेल्या पानावरही असतो, म्हणजे पहिली पानं फाडून कोणी पुस्तक ढापलं तरी ओळख पटते. वाचनालयागणिक हे पान वेगळं. आमचं इथं सांगत नाही, सांगितलं तर गुप्त कसलं. ते उघडलं, जांभळ्या शाईतला क्रमांक मिळाला आणि दाखल नोंदवही काढली.

दाखल नोंदवही ही वाचनालयाची जन्मनोंद. क्रमांक, तारीख, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, आवृत्ती व वर्ष, पृष्ठे, किंमत, बिल क्रमांक, शेरा. पुस्तक हरवो, फाटो, बाद होवो, ही ओळ खोडायची नसते, शेऱ्यात लिहायचं. आमच्या त्या ओळीत आवृत्तीच्या रकान्यात कोणा जुन्या कर्मचाऱ्यानं वरच्या पुस्तकाची ‘—,,—’, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’ची खूण, ओढून दिली होती. पण लेखकाच्या नावाखाली बारीक अक्षरात होतं : ‘संपा. चिं. वि. वैद्य’.

गाठ तिथं सुटली. गोडसे भटजींचं हे लिखाण पहिल्यांदा छापलं चिंतामण विनायक वैद्य यांनी, १९०७ साली. छापताना त्यांनी भाषा त्या काळच्या वाचकाला रुचेल अशी सरळ केली, बराच मजकूर बदलला, काही गाळला. भटजींनी लिहिलेला मजकूर जसाच्या तसा वाचकांच्या हाती आला तो पोतदारांमुळे. मधल्या जवळजवळ साठ वर्षांत लोकांनी ‘माझा प्रवास’ म्हणून जे वाचलं ते वैद्यांच्या हाताखालून गेलेलं होतं. आमच्या काकांनीही तेच वाचलं. दोघं खरं बोलत होते. पुस्तकाचं नाव एक, लेखक एक, आणि तरी दोन पुस्तकं.

वाचणाऱ्याला याचा फरक पडतो का? गोष्ट हवी असेल तर फारसा नाही. वैद्यांची प्रत झरझर जाते. पण १८५७ च्या माणसाची भाषा, त्याचं बघणं, त्याचा चावटपणा, त्याची भीती कोणाला तपासायची असेल, तर वैद्यांच्या प्रतीवर विसंबून एक ओळही लिहू नये. त्या मुलीला मी तेवढंच सांगितलं. अमृतलाल नागर यांचा ‘आँखों देखा ग़दर’ हा हिंदी अनुवाद नागपुरात पुष्कळजण वाचतात. त्यांनीही आधी विचारावं की तो कोणत्या मराठी मजकुरावरून केलेला आहे. कोणताही अनुवाद हातात घेतला की हा प्रश्न पहिला.

सोमवारी तीन कामं केली. लाल प्रतीत कोऱ्या कागदाची पट्टी डकवली : ‘चिं. वि. वैद्य संपादित पाठ, शीर्षकपान नाही, मूळ पाठासाठी पोतदार संपादित आवृत्ती पाहावी’. नावावरून कोणीतरी तिला दशांश वर्गीकरणाच्या ९१५.४ या क्रमांकाखाली, प्रवासवर्णनात टाकलं होतं; ते खोडून ९५४.०३, भारताचा इतिहास, असं केलं. काशी-रामेश्वरच्या सहलींच्या पुस्तकांशेजारी ती इतकी वर्षं उभी होती, इतिहासाचं पोरगं तिकडं कशाला फिरकेल? आणि पोतदारांची प्रत खरेदीच्या यादीत घातली.

बैठकीच्या वहीत पाचवा रकाना आखला : आवृत्ती व संपादक किंवा अनुवादक.

नवी प्रत आली तेव्हा काकांनीच पहिली नेली. पंधरा दिवसांची मुदत असते, ते नवव्या दिवशी परत घेऊन आले.

“वाक्य सरतच नाही बाप्पा. मालगाडी आहे. डबे मोजता मोजता इंजिन विसरतो माणूस.” मग काउंटरवर वाकून हळूच, “ते लालवालं आहे का जागेवर? शेवट राहिला माझा.”

होतं. तारखेचा शिक्का मारून दिलं.

नोव्हेंबरच्या बैठकीत पाचव्या रकान्यात तिघांनी नीट आवृत्ती लिहिली, एकीनं अनुवादकाचं नाव, चौघांनी ‘नवीन’ आणि एका आजोबांनी ‘निळी’.