डब्याचा भाव: तांबं निर्दोष, शिसंही जवळपास निर्दोष

मंडळी, एअर रायफलच्या छर्‍यांचा डबा महाग का होतो, हा हिशेब मागच्या नोंदीत अर्धवट सोडला होता. तो आता छर्‍यांपुरता तरी सुटलाय. निमित्त झालं नव्या डब्याचं. नेहमीच्या दुकानदाराने जुन्या भावावर दोनशे रुपये चढवले आणि कारण सांगितलं, "तांबं भडकलंय की ओ साहेब, आमच्या हातात काय आहे?"

तांबं भडकलंय हे खरं आहे. मे 2024 मध्ये लंडनच्या बाजारात ते टनाला 11 हजार डॉलरच्या वर गेलं, ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा गेलं. पण आपल्या 4.5 मिमीच्या छर्‍यात तांबं असतंच कुठे? ते तर निव्वळ मऊ शिसं. मी मान डोलावली, डबा घेतला आणि घरी येऊन कागद-पेन काढलं.

मॅचचा, म्हणजे स्पर्धेचा, छर्रा 0.53 ग्रॅमचा. डब्यात 500, म्हणजे 265 ग्रॅम शिसं. शिशाचा भाव टनाला दोन हजार डॉलरच्या आसपास, आपल्याकडे किलोला ढोबळ 180 रुपये धरा. म्हणजे अख्ख्या डब्यात 48 रुपयांचं शिसं! ऑक्टोबर 2007 मध्ये शिसं टनाला 3,900 डॉलरच्या वर गेलं होतं. तो भाव उद्या परत आला, तरी आजच्या रुपयात डब्यामागे चाळीस-पंचेचाळीस रुपयेच वाढतील. मग दोनशे आले कुठून? एमसीएक्स या वायदेबाजारातला शिशाचा आलेख बघत बसायची मला सवय लागली होती. भाव पडला की डबा घ्यायचा असा बेत असायचा. तो आलेख आता फोनवरून काढून टाकला.

उत्तर युरोत आहे, कारण हा डबा येतो युरोपातून. 2025 च्या सुरुवातीला युरो नव्वदच्या आत-बाहेर होता, त्याच वर्षी तो शंभरी ओलांडून गेला. समजा डब्याची तिकडची किंमत 10 युरो. 90 च्या दराने 900, 102 च्या दराने 1,020. एकशेवीस रुपये इथेच गेले, म्हणजे डब्यातल्या सगळ्या शिशाच्या अडीचपट. त्यावर आयात शुल्क, मग जीएसटी, मग आयातदाराची आणि दुकानदाराची टक्केवारी. हे सगळं वाढलेल्या रकमेवरच बसत जातं, त्यामुळे दोनशेचा आकडा गाठायला फार कष्ट पडत नाहीत. दुकानदाराने "युरो वाढला" म्हटलं असतं तर मी निमूटपणे पैसे दिले असते. तांब्याची थाप कशाला?

एवढ्यावर नोंद संपणार होती. पण आपल्या गटातल्या ट्रॅपवाल्या (म्हणजे शॉटगनने उडत्या चकत्या टिपणाऱ्या) काकांना फोन केला तर ते म्हणाले, "तुझं ठीक आहे रे, माझ्या काडतुसांचं गणित कर की." आणि तिथे चित्र पार उलटं निघालं.

ट्रॅपच्या काडतुसात 24 ग्रॅम शॉट, म्हणजे शिशाचे बारीक दाणे, खोक्यात 25 काडतुसं, म्हणजे 600 ग्रॅम धातू. आपल्या डब्याच्या दुपटीहून जास्त, तोही पंचवीस बारांत संपणारा. त्यातलं शिसं शंभर रुपयांच्या थोडं वर जातं. पण शॉट कडक लागतो, नाहीतर नळीतून जाताना दाणे चपटे होऊन फेकले जातात; म्हणून त्यात अँटिमनी घालतात. तीन टक्के धरलं तर खोक्यात 18 ग्रॅम. चिमूटभर वाटतं ना? चीनने 15 सप्टेंबर 2024 पासून अँटिमनीच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन आणलं. 2024 च्या सुरुवातीला टनाला सुमारे 12 हजार डॉलर असलेला भाव 2025 मध्ये युरोपात 50 हजारांच्या वर गेला. म्हणजे त्या 18 ग्रॅमची किंमत विसाच्या आतून ऐंशीच्या घरात. शिसं जागच्या जागी आणि खोक्यामागे साठ रुपये वाढले! सौर पॅनेलच्या काचेलाही हाच धातू लागतो, तेव्हा गिऱ्हाईक फक्त बंदूकवाले नाहीत. काका दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, "आता सौरवाल्यांशी पण भांडायचं का?"

तांब्याचा फटका बसतो तो पितळी कवच (केस) असलेल्या गोळ्यांना, म्हणजे .22 बोअरच्या रायफलवाल्यांना आणि त्यापुढच्यांना. काडतुसाचं पितळ म्हणजे 70 भाग तांबं, 30 भाग जस्त. शिवाय त्या गोळ्यांमधली बंदुकीची दारू. तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज बनतो लिंटरपासून, म्हणजे सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड कापसापासून. युक्रेन युद्धानंतर युरोपात तोफगोळ्यांची मागणी वाढली आणि तिकडचा बराचसा लिंटर येतो चीनमधून. सोलापुरात बसून कापसाची रड ऐकायची सवय आहेच, ती बंदुकीच्या दारूपर्यंत पोचेल असं वाटलं नव्हतं.

आता आपल्या कामाचं. डबा महागला म्हणून सरावासाठी देशी छर्रे वजनाप्रमाणे वेचायला घेतलेत. सराफाकडे असतो तसा मिलिग्रॅमचा काटा आणलाय, पण आमची रेंज म्हणजे बंद पडलेल्या मागांची शेड, आणि शेजारच्या शेडमधले माग अजून चालू आहेत. खटाखट सुरू झाली की काट्याचा शेवटचा आकडा नाचत राहतो. पंखा लावला तरी तेच, आणि तुळईवरचा जुना तंतू ताटलीत येऊन पडतो तो वेगळाच. शेवटी लाइट गेली की वजन करायला बसतो. काटा सेलवर चालतो, माग थांबलेले असतात. महावितरणचे आभार मानायची वेळ पहिल्यांदाच आली.

देशी छर्‍यात 0.47 पासून 0.55 पर्यंत सगळं सापडतं. स्कर्ट (मागची पातळ, पोकळ कड) दबलेले आधीच बाजूला काढतो. 0.51 ते 0.52 चा ढीग वेगळा करून रायफल टेकवून मारला, तर पाच बारांचं भोक बाहेरून बाहेर 9 मिमी आलं. न वेचता मारलं की 16. रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, तेव्हा सिरीजसाठी, म्हणजे गुण मोजून मारायच्या बारांसाठी, हे चालणार नाही; पण ट्रिगर दाबण्याच्या आणि होल्डच्या (रायफल स्थिर धरण्याच्या) सरावाला भरपूर झालं. पिस्तुलवाल्यांनो, तुमचा दहाचा गोल 11.5 मिमीचा आहे, तुम्ही तर खुशाल हेच वापरा.

ट्रॅपमध्ये (लक्ष्यामागच्या छर्रे अडवणाऱ्या पेटीत, काकांचा खेळ नव्हे) साठलेलं शिसं मंगळवार बाजारात विकून डब्याचे पैसे काढायचे असाही बेत होता. एका डब्यातून पाव किलो, आणि भंगारवाला भाव देणार बाजाराच्या बराच खाली. रिक्षाचं भाडंही सुटणार नाही. वितळवायचा विचार कुणी करत असाल तर घरात मुळीच नको. शिशाची भुकटी हाताला, कपड्याला लागून मुलांपर्यंत जाते. मी तर ट्रॅप साफ केल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय फोनलाही शिवत नाही.

लिहिता लिहिता सुचलं: युरोच ठरवणार असेल तर एकेकट्याने डबे घेण्यात अर्थ नाही. चार-पाच जणांनी मिळून थेट आयातदाराकडून एकाच लॉटची, म्हणजे एकाच घाण्यातली, पेटी मागवली तर दुकानदाराची टक्केवारी तरी वाचेल, आणि लॉट एकच असल्याने चाचणी सगळ्यांच्या कामी येईल. माझ्या नळीला 4.49 मिमीचं हेड (डोक्याचा व्यास) 4.50 पेक्षा बरं चालतं. तुमचं काय चालतं ते रायफलच्या मॉडेलसकट कळवा, युरो जरा खाली आला की मागणी नोंदवू. काका, तुमच्या खोक्यांचं मात्र मला काही सुचलेलं नाही.